चाकं लावलेला फ्रीज

सांगवीच्या मुबीन मेस्त्रीला झाडून सगळ्या गोष्टींवर मत होतं आणि ते फेसबुकवर टाकल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. कबुतरं कशी पाळावीत, आजकालची पोरं कशी वाया गेलीत, सगळं त्याला ठाऊक! खरा दात मात्र इलेक्ट्रिक गाड्यांवर. "आवाज नाही ती गाडी कसली राव? चाकं लावलेला फ्रीज!"

टाइप करायचा कंटाळा, म्हणून तो बोलायचा आणि फोन लिहायचा. त्याच्या गॅरेजातल्या ठोकाठोकीत फोनला काही ऐकू जात नसे. त्यामुळे मतं सांगायची ती सकाळी गॅरेजला जातानाच, बायको आरफाच्या स्कूटरवर मागे बसून.

स्कूटर इलेक्ट्रिक होती.

एकदा आरफाचं डोकं फिरलं. तिने स्कूटर घरीच ठेवली आणि त्याची लाडकी जुनी मोटारसायकल बाहेर काढली. "बसा मागे. सांगा मत."

गॅरेज येईपर्यंत मुबीन घसा फोडून ओरडला. फोनवर एक अक्षर उमटलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो मुकाट्याने स्कूटरवर बसला, फोन तोंडापाशी धरला. "तर मंडळी, आवाज नाही ती गाडी कसली?"

मग आरफाच्या खांद्यावर टिचकी मारून म्हणाला, "हॉर्न नको वाजवूस गं, मत सांगतोय."