मामाचा चाळीस दिवसांचा उपास

राखेच्या बुधवारी कपाळावर राखेचा क्रूस घेऊन मामा चर्चमधून आला, की मामी कपबश्या आणि काचेच्या बरण्या पलंगाखाली सरकवायची. त्या दिवसापासून ईस्टरपर्यंत मामा देवासाठी विडी सोडायचा. आणि विडी सुटली, की त्याचं डोकं ठिकाणावर राहायचं नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची ही गोष्ट. लोणावळ्याच्या रेल्वे शेडात तो फिटर होता. आई गेल्यावर त्यानंच मला सांभाळलं, माझ्या वेण्यासुद्धा घालायचा, त्याही घट्ट. असा माणूस उपासात भाकरी जरा करपली की ताट भिंतीवर भिरकावायचा. एका वर्षी त्यानं पान्यानं शेडातल्या एका खलाशाचं, हाताखालच्या मदतनिसाचं, डोकं फोडलं. रविवारी उपास सैल करायची मुभा असते. बाकीचे पुरुष खुशाल विडी ओढायचे, पण हा पठ्ठ्या शिवायचा नाही. "देवाला दिली ती दिली. परत कशी मागू?" म्हणायचा. देवाला विडी आणि मामीला लाथा! कसली मेली ही भक्ती?

शेवटी त्यानं मामीला चुलीजवळच्या फुंकणीनं मारलं. तिचं मनगट मोडलं. मी मधे पडले, तर मलाही भिंतीवर ढकललं. मामी रडली नाही. हात फडक्यात बांधून, मला बरोबर घेऊन ती तडक फादरांकडे गेली.

"फादर, त्यास्नी विडी वढू द्या. न्हाईतर ईस्टरला मी जित्ती दिसायची न्हाई."

फादर दुसऱ्या दिवशी घरी आले. मामाला म्हणाले, "विडी ओढ. विडीऐवजी मारणं सोड. तुला चटक त्याचीच जास्त आहे."

मामाचा चेहरा खर्रकन उतरला. पण त्यानं मान डोलावली. उपासात धूर काढतो म्हणून शेडातली माणसं त्याला हसली, तेही त्यानं ऐकून घेतलं. राग आला की परसात जाऊन तळहात सोलून निघेपर्यंत लाकडं फोडायचा. कुणाला बोट लावलं नाही. मी मनात म्हटलं, सुटलो बाई एकदाचे!

ईस्टरला चर्चमधली मिस्सा आटोपून मामा हसत घरी आला. मामीनं मटण शिजवून झाकून ठेवलं होतं आणि गाठोडं घेऊन ती दारात उभी होती.

"सणाची कुटं निघालीस?"

"कान्ह्याला, भावाकडं. आज तुमचा उपास सुटला न्हवं?"

मामा मटकन उंबऱ्यावर बसला. "न्हाई सोडत," म्हणाला. "मरंस्तवर न्हाई सोडत."

मामी त्याच्या बाजूनं निघून गेली.

शब्द मात्र त्यानं मरेपर्यंत पाळला. दर ईस्टरला मला घेऊन कान्ह्याला जायचा. "अजून चालूच हाय माजा," असं मामीला सांगायचा. ती त्याला पोटभर वाढायची आणि संध्याकाळच्या गाडीला लावून द्यायची. लोक तिला दगडाच्या काळजाची म्हणायचे. म्हणोत! मामावर माझा जीव होता, अजून आहे. पण जेवता जेवता पाण्याच्या तांब्यासाठी त्यानं झटकन हात पुढे केला, की मामी दचकून मागे सरायची. शेवटच्या वर्षीसुद्धा सरली. ते मामानंही पाहिलं, आणि पाणी न पिताच तो उठला.