घोर आणि धडकी

कावळा म्हणजे आमच्या साइटवरचा क्रेन ऑपरेटर. सगळ्यांत उंच बसतो म्हणून हे नाव पडलं, रंगाचा काही संबंध नाही. माल कुठे ठेवायचा ते मी खालून वॉकीटॉकीवर सांगायचो. बायको गेल्यापासून तो घरी एकटाच. आल्यागेल्याशी धड दोन शब्द बोलेल तर शपथ!

एका संध्याकाळी शिडी उतरून आला तो छाती धरूनच. घामाघूम. हृदयाच्या तपासण्या झाल्या, सगळं ठणठणीत निघालं. साहेबांनी लगेच निकाल दिला, याला उंचीची भीती बसलीय, आता खाली स्टोअरमध्ये बसवा. कावळ्याच्या तोंडचं पाणीच पळालं. क्रेनची केबिन गेली तर माझं राहिलं काय, एवढंच म्हणाला.

आता यातला मी जाणकार. मागे न्हाव्याच्या खुर्चीत निवांत बसलो असताना मला एकाएकी धडकी भरली होती. कारण म्हणाल तर काही नाही. श्वास अडकला, हातांना मुंग्या आल्या, आता मेलोच म्हणून अर्ध्या दाढीनिशी रस्त्यावर पळालो. थोड्या वेळात सगळं ओसरलं. न्हावी अजून हसतो, लेकाचा. याला पॅनिक अटॅक म्हणतात, असं तेव्हा मला तपासलेल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. कावळ्यालाही त्यांच्याकडेच ओढत नेला.

त्यांनी विचारायच्या आधीच मी सांगून टाकलं, याला माझाच आजार. बाईंनी मला गप्प बसवलं आणि त्याला विचारलं, त्या वेळी आपण मरतो की काय असं वाटतं का?

"नाही," कावळा म्हणाला. "उद्यापण असंच असेल, असं वाटतं."

एकदम येतं का? तर तसंही नाही. दुपार कलली की मान आखडते, खाली उतरेपर्यंत छातीवर धोंडा. घरी रात्रभर तेच. सकाळी केबिनमध्ये चढला की जीव हलका. बाई म्हणाल्या, ही धडकी नव्हे, हा घोर. धडकी न बोलावता येते, बघता बघता टोकाला जाते आणि ओसरते. घोराच्या मागे काहीतरी असतं. तो हळूहळू चढतो आणि मुक्कामच ठोकतो. अँग्झायटी म्हणतात ती हीच, आणि तिच्यावर उपचार आहेत. उंचीचं काही नाही, याला घरी जायचीच धास्ती आहे. केबिन काढून घेऊ नका, असं त्यांनी साहेबांना लिहून दिलं.

मला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं दिवसभर याच्या कानाशी बोलत आलो, पण बोललो काय? डावीकडे घे, जरा खाली, थांब.

दुसऱ्या दिवशी सुट्टी झाली, सगळे पांगले, हा मात्र फाटकाशी उभाच. सुरू झालं का विचारलं, तर मान डोलावली. माझी बस आली ती जाऊ दिली आणि त्याला कट्ट्यावर बसवलं.

"बोल," मी म्हणालो.

त्याने मग मला विचारलं, "काय बोलतात रे लोक?"