मॅडम कोणत्या ग्रुपमध्ये आहेत?

त्या प्रकरणात खून नव्हता, दरोडा नव्हता, कुणाला बेडीही घालावी लागली नाही. तरीही निवृत्तीनंतर कुणी मला नोकरीतली एखादी हकीकत विचारली, की सगळ्यात आधी तेच ओठांवर येतं. नावं कुणाचीच सांगणार नाही. त्यातली बरीच माणसं अजून तिथेच राहतात.

मी तेव्हा मुलुंडच्या एका पोलीस ठाण्यात वरिष्ठ निरीक्षक होतो. सकाळची हजेरी आटोपून केबिनमध्ये बसलो होतो, तेवढ्यात ठाणे अंमलदार एका सोसायटीच्या सेक्रेटरींना घेऊन आत आले. सेक्रेटरींच्या हातात काही कागद होते. ते त्यांच्या लिफ्टमध्ये कुणीतरी चिकटवले होते. तेच कागद त्याच दिवशी टपालाने आमच्याकडेही आले. पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं.

कागदांवर फोनच्या स्क्रीनचे फोटो छापलेले होते. त्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक बाई भाड्याने राहायच्या. चाळिशीच्या, एकट्या, विदर्भातून आलेल्या. घरीच गणित आणि विज्ञानाचे क्लास घ्यायच्या. सगळे त्यांना मॅडम म्हणायचे. या मॅडम इंटरनेटवर कोणकोणत्या ग्रुपमध्ये आहेत, ते त्या फोटोंत दिसत होतं. एक ग्रुप सीमेपलीकडच्या जुन्या गाण्यांचा. एक देव न मानणाऱ्यांचा. आणि एक फारच जहाल. सरकार उलथवण्याची भाषा चालणारा. वर जाड अक्षरांत लिहिलं होतं, ‘तुमची मुलं कुणाकडे शिकतात?’

“साहेब, बाई बोलायला गोड आहे,” सेक्रेटरी म्हणाले. “पण आतून काय आहे ते बघा.”

“त्यांनी मुलांना कधी राजकारणातलं काही सांगितलंय?”

“तसं नाही. मुलांना मार्क चांगले पडतात. पण ग्रुप बघा ना, साहेब!”

‘ग्रुप बघा ना’ हे वाक्य मी त्या आठवड्यात इतक्या जणांकडून ऐकलं, की आमचा चहावालासुद्धा ते म्हणायला लागला. बाई कशा वागतात, काय बोलतात, कुणाचं वाईट करतात का, यात कुणालाच रस नव्हता. त्या कुठे सामील झाल्या एवढं कळलं, आणि सगळ्यांना त्या आरपार कळल्या.

निनावी अर्ज असला तरी अशा विषयात तो बाजूला टाकता येत नाही. विशेष शाखेला कळवलं, स्टेशन डायरीत नोंद घेतली. तोवर तिकडे वाट लागलीच होती. मॅडमच्या दारावरच्या नावाच्या पाटीला कुणीतरी काळं फासलं. क्लास ओस पडला. घरमालकाने जागा सोडायला सांगितलं. एका संध्याकाळी बाहेरची काही माणसं इमारतीखाली जमून घोषणा द्यायला लागली, तेव्हा मी बीट मार्शल पाठवून त्यांना हटवलं आणि खाली एक शिपाई बसवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या महिला हवालदारांना बरोबर घेऊन मी मॅडमच्या घरी गेलो. त्यांनी दार अर्धं उघडून आधी आमच्या मागे कोण आहे ते पाहिलं. मग आत घेतलं.

मी कागद पुढे ठेवले. “तुम्ही या ग्रुपमध्ये आहात?”

“आहे.”

“कशासाठी?”

“कुठल्या कुठल्याचं सांगू? गाणी मला आवडतात. देव न मानणारे काय म्हणतात ते वाचायला आवडतं.” त्यांनी स्वतःचा फोन माझ्यासमोर धरला. “हाही बघा.”

तो अगदी दुसऱ्या टोकाच्या विचारांचा ग्रुप होता. आमच्या हवालदार चपापल्या; त्यांचे दीर त्याच ग्रुपमध्ये होते. शिवाय गच्चीवरच्या बागेचा एक, कोड्यांचा एक. लिफ्टमधल्या कागदांवर यातलं काहीच नव्हतं. चिकटवणाऱ्याने हवं तेवढंच निवडलं होतं.

“आणि हा जहाल ग्रुप?” मी विचारलं.

बाईंनी फोन टेबलावर उलटा ठेवला.

“माझा धाकटा भाऊ आहे त्यात. कॉलेजात असताना त्या लोकांत गेला. घरी भांडण झालं, तेव्हापासून बोलत नाही. फोन उचलत नाही. पण तिथे कधी कधी फोटो टाकतो. मी तिथे एक ओळ लिहिलेली नाही, साहेब. फक्त बघते. मागे दिसला तेव्हा बारीक झाला होता. आता दाढी ठेवलीय. एवढंच मला कळतं त्याचं.”

“हे आणखी कुणाला माहीत आहे?”

“भाऊ तिथे आहे, एवढं वरच्या टेलरताईंना, माझ्या मैत्रिणीला, सांगितलंय. त्या कुणाला सांगणार नाहीत.”

परत येताना जीपमध्ये हवालदार त्यांच्या फोनवर काहीतरी खटपट करत होत्या. मग म्हणाल्या, “साहेब, त्या जहाल ग्रुपमधलं बाहेरून काही दिसतच नाही. त्यांनी आत घेतल्याशिवाय कोण मेंबर आहे ते कळत नाही.”

“मग हा फोटो काढला कुणी?”

“जो आत आहे त्यानेच.”

म्हणजे मॅडम त्या ग्रुपमध्ये आहेत म्हणून देशद्रोही, असं सांगणारी व्यक्तीही त्याच ग्रुपमध्ये होती. इंटरनेट कंपनीकडे माहिती मागवायची तर पत्रव्यवहाराला महिने जातात. मी ठरवलं, आधी माणसांशी बोलून बघू.

टेलरताई त्याच इमारतीत चौथ्या मजल्यावर राहायच्या. मुलुंडभर त्यांच्या हातचे ब्लाउज प्रसिद्ध. मी आणि हवालदार गेलो, तेव्हा दार त्यांनी उघडलं नाही. त्यांच्या शेजारणीने उघडलं. ही बाई एका दवाखान्यात रिसेप्शनला होती. दोघींचे वडील कोकणातले, एकाच गिरणीत कामाला. परळच्या एकाच चाळीत दोघी वाढल्या, लग्नं होऊन मुलुंडला आल्या आणि हट्टाने शेजारी शेजारी घरं घेतली. हे सगळं शेजारणीनेच आम्हाला दारात उभं असताना सांगितलं. चहाही तिनेच आणला. साखर कुठल्या डब्यात आहे ते तिला विचारावं लागलं नाही.

टेलरताई मशीनवर बसल्या होत्या. पाय थांबला नव्हता.

“मॅडम कशा आहेत?” मी विचारलं.

“चांगल्या आहेत. माझी मैत्रीण आहे ती. मी दहावीनंतर पुस्तक हातात धरलं नव्हतं, तिने मला वाचायला लावलं.”

“कसली मैत्रीण!” शेजारीण मध्येच बोलली. “साहेब, ही भोळी आहे. कुणीही दोन शब्द गोड बोललं की झालं. अगं, त्या बाईचा भाऊ बघ ना! मोर्च्यात पुढे असतो तो, दाढीवाला. अशी माणसं असतात का आपल्यात?”

मशीन थांबलं.

“तुला तिच्या भावाचं कुणी सांगितलं?” टेलरताईंनी विचारलं.

“तूच बोललीस ना.”

“मी नाही बोलले. शपथ घेतली होती मी. आणि त्याला दाढी आहे हे तर मलाही ठाऊक नाही.”

मला ठाऊक होतं. त्याच सकाळी मॅडमनी सांगितलं होतं. त्या ग्रुपमधला फोटो पाहिल्याशिवाय ते कुणाला कळणं शक्य नव्हतं. मी फक्त हवालदारांकडे पाहिलं. चौकशीत पुष्कळदा गप्प बसण्याचाच उपयोग होतो.

“बाई, तुमचा फोन दाखवाल?” हवालदार शेजारणीला म्हणाल्या.

तिने फोन पोटाशी धरला. मग एकदम खुर्चीत बसली आणि आमच्याकडे न बघता मैत्रिणीला म्हणाली, “तू तिका सगळा सांगतंस आणि माका कायएक सांगणस नाय.”

इतका वेळ ती मुंबईचं मराठी बोलत होती. ते वाक्य थेट चाळीतल्या खोलीतून आलं.

पुढचा जबाब आम्ही तिच्या घरात बसून घेतला. रडत नव्हती ती. रागात होती.

“साहेब, तिचं हसणं मला माझ्या ओट्यापाशी ऐकू यायचं. संध्याकाळी दोघी गॅलरीत बसायच्या. काय एवढं हसायला असतं? माझ्याबरोबर कधी नाही हसली ती एवढी. पूर्वी अस्तराचं कापड आणायला आम्ही दोघी जायचो. मग एकदा मी तयार होऊन आले, तर म्हणाली, ‘अगं, मी कालच जाऊन आले तिच्यासोबत.’ कालच! मी साडी बदलून आले होते.”

“पण ग्रुपचं कसं सुचलं?”

“सुचलं नाही. मला आधी एवढंच बघायचं होतं, की त्या बाईत असं काय आहे. ती ज्या ज्या ग्रुपमध्ये, त्यात मी गेले. झाडांचा, गाण्यांचा. गाणी ऐकली पण. काही खास नाही. मग एकदा गॅलरीतल्या बोलण्यातून तिच्या भावाचं आणि त्या जहालवाल्या ग्रुपचं नाव कानावर पडलं. दुसरं खातं काढून तिथे अर्ज केला, त्यांनी घेतलं. तिथे ते काय काय लिहितात ते वाचलं आणि मला बरं वाटलं.”

“बरं वाटलं?”

“हो. म्हटलं, मी उगाच जळत नाहीये. बाई खरंच वाईट आहे. मी माझ्या मैत्रिणीला वाचवतेय.”

तिच्या या वाक्यावर मी पुढे पुष्कळ विचार केला. मत्सर वाटतो हे माणूस स्वतःपाशीही कबूल करत नाही. त्याला काहीतरी चांगलं नाव हवं असतं. तिला ते देशप्रेमात मिळालं. आणि ती खोटं बोलत नव्हती. तिचा त्यावर मनापासून विश्वास बसला होता.

“बाई,” मी म्हटलं, “तुम्हीही त्याच ग्रुपमध्ये आहात. उद्या तुमच्या नावाचे कागद कुणी लिफ्टमध्ये लावले, तर मी तुम्हाला काय समजायचं?”

“पण मी त्यासाठी नव्हते ना गेले!”

“मॅडमही नव्हत्या गेल्या.”



मी मॅडमना सगळं सांगितलं. तक्रार द्यायची असेल तर घेतो, म्हटलं. त्यांनी विचार केला आणि म्हणाल्या, “कोर्टाच्या फेऱ्या नकोत. लिफ्टमध्ये लावलं होतं ना? तिथेच लावायचं. स्वतःच्या नावाने.” शेजारणीने तीन ओळी लिहून लावल्या. मजकूर वाईट हेतूने पसरवला, मॅडमचा दोष नाही, मी माफी मागते. विशेष शाखेला मी अहवाल पाठवला आणि प्रकरण दप्तरी दाखल केलं. पाटीला काळं कुणी फासलं ते शेवटपर्यंत कळलं नाही.

पण कागद लावला म्हणून सगळं पूर्ववत झालं असं नाही. काही मुलं परत आली, काही आली नाहीत. एक वडील मला सरळ म्हणाले, “चूक असेल साहेब, पण ग्रुपमध्ये तर होत्याच ना.” मॅडमनी घाटकोपरला जागा बघितली. निघण्याआधी त्या ठाण्यात आल्या. त्या जहाल ग्रुपमधून त्यांना काढून टाकलं होतं. पोलीस त्यांच्या घरी दोनदा जाऊन आले, ही बातमी तिथे कशी कोण जाणे पोचली होती आणि त्या लोकांनी ठरवलं होतं, की या बाई पोलिसांच्या खबरी आहेत.

“इकडच्यांना मी त्यांची वाटते आणि तिकडच्यांना तुमची,” त्या म्हणाल्या. “मला फक्त माझा भाऊ बघायचा होता, साहेब.”

माणूस कोणत्या ग्रुपमध्ये आहे यावरून तो कोण आहे हे ठरवायचा मोह पोलिसांनाही होतो, सोपं पडतं. त्या प्रकरणानंतर मी माझ्या अधिकाऱ्यांना सांगायचो, की तो तिथे काय लिहितो, काय करतो ते बघा, आणि तो तिथे कुणाला शोधतोय तेही विचारा. एक बाई तिथे भावासाठी होती, दुसरी मैत्रिणीसाठी. त्या ग्रुपच्या राजकारणाशी दोघींनाही देणंघेणं नव्हतं.

निवृत्त झाल्यावर रक्तदाब तपासायला मी त्याच दवाखान्यात जायला लागलो. टेलरताईंची ती शेजारीण तिथेच रिसेप्शनला असायची. माझं नाव पुकारायची, बाकी बोलायची नाही. एके दिवशी गर्दी नव्हती. तिनेच विषय काढला.

“ती अजून माझ्याशी बोलत नाही, साहेब. भिंतीला भिंत आहे आमची. दर रविवारी घाटकोपरला जाते. छान साडी नेसून जाते.”

मी नुसतं हं केलं.

“मी त्या ग्रुपमध्ये आहे अजून.”

“कशाला? आता काय आहे तुमचं तिथे?”

तिने इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. “त्या मॅडमचा भाऊ फोटो टाकतो ना. त्यांना दिसत नाही आता. मला दिसतो. टाकला की मी हिला पाठवते. खाली लिहिते, बरा दिसतोय, तुझ्या मॅडमना सांग.”

“मग ती काय म्हणते?”

“काही नाही. उत्तर देत नाही. पण वाचते. दोन निळ्या खुणा येतात.”

मला तिच्याबद्दल जरा बरं वाटलं. म्हटलं, “मॅडमसाठी चांगलं करताय बाई तुम्ही.”

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू म्हणत होती, एवढी वर्षं पोलिसात काढून या माणसाला काहीच कसं कळत नाही.

“मॅडमसाठी कोण करतंय?” ती म्हणाली आणि माझ्यापुढे रजिस्टर सरकवलं. “सही करा.”