बाईंचा आवाज हलवताना

बस डेपोच्या सुट्या भागांच्या स्टोअरमध्ये कुलूपकाकांनी उभी हयात काढली, आणि त्या हयातीत साधा एक बोल्टसुद्धा कुणाला तोंडी मागणीवर दिला नाही. मेकॅनिक खिडकीशी येऊन गयावया करत, गाडी रस्त्यात अडकलीय म्हणत, पण काका ढिम्म. त्यांचा दुसरा एक नियम तर याहून कडक होता. वस्तू फळीवरून गेली की फळी रिकामी दिसली पाहिजे. एकच वस्तू इथेही आहे आणि तिथेही आहे, असं कुणी सांगायला लागलं तर तो एक तर चोर आहे नाहीतर थापाड्या, असं त्यांचं ठाम मत होतं. काका रिटायर झाले, स्टोअरच्या किल्ल्या दुसऱ्याच्या हातात गेल्या, नियम मात्र ते घरी घेऊन आले. घरात नवा झाडू आला की जुना त्याच मिनिटाला बाहेर. बायको म्हणायची, "तुमच्या हिशेबानं दुसरी बायको आली असती, तर मला चपला घालायलाही वेळ मिळाला नसता."

ही बायको बालवाडीत शिकवायची, त्यामुळे शेजारीपाजारी, दुकानदार, खुद्द जावईसुद्धा तिला बाईच म्हणत. आवाज असा खणखणीत, की शेवटच्या कोपऱ्यात दुसऱ्याचा डबा उघडणारं पोर जागच्या जागी थिजावं. नेमकं त्याच आवाजावर आलं. घसा बसलाय, घसा बसलाय म्हणत महिने गेले, आणि मग डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं, की स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. काकांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग परत कधी येईल?" डॉक्टरांनी बिचाऱ्यांनी तेच वाक्य पुन्हा सांगितलं.

परगावी नोकरी करणाऱ्या लेकीनं लगेच एक टॅबलेट पाठवला. त्यात चित्रं होती. पाण्याच्या चित्रावर बोट ठेवलं की टॅबलेट 'मला पाणी हवे आहे' म्हणणार. बाईंनी तो आवाज एकदाच ऐकला आणि नाक मुरडलं. "ही बया बातम्या द्यायला बसल्यासारखी बोलतेय. मी काय अशी बोलते? आणि हिला तुमच्यावर खेकसता तरी येणार आहे का?"

तेव्हा असं ठरलं, की बाईंनी आपलीच वाक्यं आपल्याच आवाजात भरून ठेवायची. मागच्या खोलीतल्या कॉम्प्युटरला माइक जोडला, लेकीनं फोनवरून रेकॉर्डिंग शिकवलं, आणि बाई रोज दार लावून आत बसू लागल्या. आवाज घोगरा झाला होता, पण होता त्यांचाच. पाणी द्या. उशी वर करा. इथे दुखतंय. चष्मा कुठे ठेवलात. नातीसाठी दोन गोष्टी आणि एक झकास दटावणी. एकेक वाक्य मनासारखं येईपर्यंत त्या पुन्हा पुन्हा म्हणत.

बंद दारातून एखादं वाक्य तिसऱ्यांदा ऐकू आलं, की काका पिशवी उचलून भाजी आणायला निघत. त्या दिवसांत घरात इतकी भाजी साठली, की शेजारीणही वाटे घेऊन कंटाळली. आत काय काय भरलं जातंय ते काकांनी एकदाही धड ऐकलं नाही. ऐकवत नव्हतं, दुसरं काय?

भरणं झालं, आणि सगळं टॅबलेटमध्ये टाकायचं तेवढं राहिलं होतं, तोच हॉस्पिटलचा फोन आला. खाट रिकामी झालीय, आजच भरती व्हा, उद्या सकाळी ऑपरेशन. एकच धांदल उडाली. खाटेवर बसता बसता बाईंनी काकांना बजावलं, "घरी जाऊन ते टॅबलेटमध्ये घाला आणि संध्याकाळी घेऊन या. लेकीला विचारून करा. स्वतःचं डोकं चालवू नका."

काकांनी डोकं चालवलं नाही. निदान सुरुवातीला तरी नाही. केबल जोडली, लेकीला फोन लावला. ती ऑफिसात घाईत होती. "बाबा, समोर 'आईचा आवाज' नावाचं फोल्डर दिसतंय ना? ते कॉपी करा, टॅबलेटमध्ये पेस्ट करा. मी मीटिंग आटपून फोन करते."

फोल्डर दिसत होतं. पिवळं, कोपऱ्यात एक छोटा वाकडा बाण असलेलं. बाण म्हणजे माल रवाना व्हायला तयार, अशी काकांनी मनाशी समजूत करून घेतली. कॉपी केलं, पेस्ट केलं. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच काम झालं. इतक्या दिवसांचं बोलणं आणि एवढंसं ओझं, याचं त्यांना जरा नवल वाटलं, पण टॅबलेटवर 'आईचा आवाज' ही अक्षरं स्वच्छ दिसत होती.

आता खरं म्हणजे खोका उघडून माल बघायचा. डेपोत आलेला एकही खोका न उघडता काकांनी कधी सही केली नव्हती. बोट पुढे झालंही होतं. पण घरात शुकशुकाट होता, दोरीवर तिची साडी वाळत होती, आणि अशा घरात त्या काचेतून तिचा आवाज आला असता तर काका खुर्चीतून उठू शकले नसते. त्यांनी बोट मागे घेतलं. "आला माल," असं स्वतःशीच म्हणाले.

आणि मग फळी रिकामी करायला घेतली. कॉम्प्युटरवरचं फोल्डर उघडलं, आतली रांगेत उभी असलेली सगळी वाक्यं निवडली आणि काढून टाकली. कचऱ्याच्या टोपलीत असलेलं अजून घरातच असतं, म्हणून टोपलीही रिकामी केली. कायमचं काढायचं का, असं यंत्रानं विचारलं. काकांनी 'हो' दाबलं आणि चहा ठेवला.

चहाला उकळी येते न येते तोच लेकीचा फोन. "झालं? एखादं वाजवून बघा."

"बघतो नंतर."

"नंतर नाही, आत्ता. मला ऐकू दे."

काकांनी नाइलाजानं बोट टेकवलं. फाइल उघडता येत नाही, असं टॅबलेटवर आलं. पुन्हा टेकवलं, पुन्हा तेच. लेकीनं फोटो मागवला आणि बघून म्हणाली, "अहो बाबा, हा नुसता शॉर्टकट आहे. फोल्डरकडे जायची वाट. खरं फोल्डर कॉम्प्युटरमध्येच असतं. घाबरू नका, आपण परत करू."

काकांनी पडद्यावरच्या रिकाम्या टोपलीकडे बघितलं.

"बाबा?"

"ते काढलं मी."

"काढलं म्हणजे? टोपलीत असेल."

"टोपलीही."

झालं काय ते काकांना त्यांच्या भाषेत लख्ख कळलं होतं. नव्या फळीवर त्यांनी नुसती नावाची पाटी नेऊन लावली होती, आणि जुन्या फळीवरचा माल आपल्या हातानं बाहेर फेकला होता. डेपोत एखाद्या मदतनिसानं असं केलं असतं, तर काकांनी त्याला फाटकाबाहेर उभा केला असता. चहा उतू जाऊन शेगडी विझली, तेही त्यांना वासावरून कळलं.

कॉम्प्युटरचा डबा छातीशी धरून ते कोपऱ्यावरच्या दुरुस्तीच्या दुकानात गेले. दुकानदारीणबाईंनी ऐकून घेतलं, डबा उलटासुलटा केला. "काढल्यावर पुन्हा काही भरलं नाहीत ना यात? बरं केलंत. पण या प्रकारात मिळेलच असं नाही हां काका. सकाळी फोन करते." 'मिळेलच असं नाही' यातलं 'मिळेल' तेवढं काकांनी घट्ट धरलं आणि हॉस्पिटलची वाट धरली.

बाई हॉस्पिटलच्या कपड्यांत मांडी घालून बसल्या होत्या आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईला मुलांच्या अक्षरावर व्याख्यान देत होत्या. "आणलंत?"

"चार्जिंगला लावलंय."

"टाकलंत ना पण सगळं?"

"हो."

बाई निश्चिंत झाल्या. मग भेटीची वेळ संपेपर्यंत त्या बोलतच होत्या. कुंड्यांना पाणी किती घालायचं, दूध किती घ्यायचं, मागच्या खिडकीची कडी कशी उचलून लावायची. काका माना डोलावत होते. टॅबलेट पिशवीतच होता. आत्ता खरं सांगितलं तर ही बसल्या जागी सगळं पुन्हा म्हणू शकते, हे त्यांना पक्कं कळत होतं. प्रत्येक वाक्य त्यांच्यासमोर हवेत विरत होतं आणि जीभ काही उचलत नव्हती. सकाळी माल सापडेल, मग हिला कळायचंच कशाला, असं त्यांनी स्वतःला समजावलं. भित्रेपणाच तो, त्याला दुसरं नाव नाही. परिचारिकेनं वेळ संपल्याचं सांगितलं तेव्हा त्यांना चक्क सुटल्यासारखं वाटलं, आणि त्या वाटण्याची नंतर वाटभर लाज वाटत राहिली.

सकाळी ते हॉस्पिटलच्या जिन्यात असतानाच दुकानातून फोन आला. "काका, काहीच निघालं नाही हो. सॉरी."

खोलीत बाईंच्या केसांवर हिरवी टोपी चढली होती. आता कधीही न्यायला येतील, असं परिचारिका सांगून गेली. काका खाटेपाशी उभे राहिले. बसण्याचा धीर झाला नाही.

"अगं, ते तुझं सगळं... माझ्या हातून पुसलं गेलं."

"सगळं?"

"सगळं."

"काल संध्याकाळी ठाऊक होतं तुम्हाला?"

याच प्रश्नाला ते रात्रभर घाबरत होते. "हो," ते म्हणाले.

बाई गप्प झाल्या. त्या गप्प बसल्या आणि काकांना पहिल्यांदाच कळलं, की उद्यापासून घर कसं असणार आहे. ओरड गं, काहीतरी बोल, असं त्यांना हात जोडून म्हणावंसं वाटलं.

"अख्खी संध्याकाळ," बाई शेवटी म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, "अख्खी संध्याकाळ मी तुम्हाला दुधाचं सांगत बसले! आणि तुम्ही माना डोलावताय!"

"चुकलं गं माझं."

"चुकलं म्हणे." त्यांनी डोळे पुसले. "तो टॅबलेट आणलाय, का तोही रिकामा दिसला म्हणून टाकून दिलात?"

काकांनी तो पिशवीतून काढला. रेकॉर्डिंगचं बटण तीनदा हुकलं. बाहेर स्ट्रेचरची चाकं वाजायला लागली होती.

"आधी पाणी म्हण," काका घाईघाईनं म्हणाले. "मग दुखतंय म्हण. मग चष्मा. लवकर."

"पाण्यासाठी बोट दाखवीन. दुखलं तर तोंडावर दिसेलच. धरा इकडे."

बाईंनी टॅबलेट तोंडाजवळ ओढला आणि म्हणाल्या, "अहो."

त्यांनी ते ऐकून बघितलं. मनासारखं आलं नाही, म्हणून पुन्हा म्हणाल्या, स्वयंपाकघरातून हाक मारताना म्हणत तसं, लांबवून. मग एक कडक, जे ऐकलं की आपलं काहीतरी चुकलंय हे काकांना न सांगता कळे. स्ट्रेचर दारात आलं. "चला बाई," आलेला माणूस म्हणाला. "आलेच," असं त्याला सांगून बाईंनी आणखी एकदा म्हटलं, अगदी हळू, आणि टॅबलेट काकांच्या हातात दिला.

ऑपरेशनच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून काकांनी आधी ते चारही 'अहो' वाजवून बघितले. बाकावरची माणसं वळून बघायला लागली. मग त्यांनी लेकीला फोन केला आणि आत काय काय भरलंय ते सांगायचा प्रयत्न केला, पण सांगणं अर्ध्यावरच राहिलं.

ऑपरेशन नीट झालं. पुढचे काही दिवस बाई नुसत्या पडून होत्या, गळ्याशी नळी, डोळे मिटलेले. टॅबलेट उशाशी पडून होता. काका खुर्चीत बसत, उठत, नळीकडे बघत, परिचारिकेला तेच तेच विचारत. खोलीत यंत्राची बारीक घरघर तेवढी असे. बाई आपल्यावर रागावून तर डोळे मिटून नाहीत ना, ही भीती त्यांच्या मनातून जात नव्हती, आणि विचारायची सोय नव्हती.

एका दुपारी ते खाटेकडे पाठ करून खिडकीशी उभे होते. खाली कुणीतरी सायकल पुसत होतं, ते बघत होते.

"अहो."

काका गर्रकन वळले. बाई उशीला टेकून जाग्या होत्या, बोट टॅबलेटवर होतं. त्यांनी डोळे बारीक करून खिडकीकडे खूण केली. ऊन थेट तोंडावर येत होतं. काकांनी धडपडत पडदा ओढला.

"अहो." हे कडक होतं. पडदा भलत्या बाजूचा ओढला गेला होता.

काकांनी दुसरा पडदा ओढला आणि खाटेशी येऊन उभे राहिले. बाईंनी त्यांच्याकडे एकदा नीट बघितलं. मग बोटानं ते शेवटचं, हळू म्हटलेलं दाबलं.

"आलो," काका म्हणाले. ते तिच्या हाताशीच उभे होते.