न दाबलेली बेल

मी सातवी नापास माणूस. कोल्हापुरात एका सरकारी कचेरीत तीस वर्षं शिपाई होतो. साहेबाच्या दाराबाहेर स्टूल आणि डोक्यावर बेल. एकदा वाजली की पाणी, दोनदा वाजली की चहा, लांबलचक वाजली की शिव्या. एका साहेबाचा तांब्या त्याच्या कोपराला लागून असायचा, तरी तो बेल मारायचा. आपण आत जायचं, पेला भरून हातात द्यायचा आणि परत स्टुलावर बसायचं. संध्याकाळी उचगावला घरी आलो की बायकोपुढं त्या बेलच्या नावानं खडे फोडायचो. ती भाकरी थापत ऐकायची.

गेल्या साली तिला दम लागायला लागला म्हणून मोठ्या दवाखान्यात ठेवली. सहा मजले, काचेची दारं. भेटायला चार ते पाच. बाकी वेळ खाली हॉलात बसायचं. वरच्या लोकांना काही हवं असलं की स्पीकरवर टिंगटाँग वाजणार, खाटेचा नंबर पुकारणार, मग आपण उठायचं. पेशंटच्या उशाला वायरीचं बटण. ते दाबलं की नर्सच्या टेबलावर बेल वाजते.

पहिल्या दिवशी नर्सनं दाखवलं. पंचविशीतली पोरगी. म्हणाली, "आजी, काय बी लागलं तर हे दाबा. लाजू नका."

ती गेल्यावर मी बायकोला म्हणालो, "ऊठसूट दाबत बसू नगंस. त्या पोरींस्नी बी पाय हायत."

"मला सांगतासा व्हय? तीस वर्सं तेच ऐकलंय की."

दोघंही हसलो. हसलो, हे सांगायलाच हवं.

चौथ्या दिवशी चारच्या ठोक्याला वर गेलो. बायको घामानं भिजलेली, ओठ काळे पडलेले, हात छातीवर.

"कवापास्नं?"

"जेवल्यापास्नं."

"मग बेल का न्हाय मारलीस?"

"सकाळपास्नं पळतीया ती पोरगी, आत्ता कुठं जेवाय बसली असंल. खाऊ दे की चार घास."

बटण मी दाबलं. नर्स पळत आली, मागोमाग डॉक्टर. मला खाली घालवलं. तासाभरानं स्पीकरवर आमच्या खाटेचा नंबर आला. वर पोचलो तेव्हा तोंडावर चादर होती. डॉक्टर म्हणाले, दोन तास आधी कळलं असतं तर काहीतरी करता आलं असतं.

मुलगा कारखान्यातून तसाच आला, हातांना काळं ग्रीस. पहिलं हेच विचारलं, "आप्पा, आईनं बेल मारलेली का?"

"मारलेली. कोण आलं न्हाय."

मी असंच बोललो. त्याच्या तोंडाकडं बघून दुसरं बोलवेना.

मुलगा पेटला. मोठ्या सिस्टरनं आम्हाला कंप्युटर दाखवला. त्या खाटेवरनं चार दिवसांत एकदाच बेल वाजली होती, ती मी चारला मारलेली.

मुलगा म्हणाला, "कंप्युटर तुमचा, पुसणार बी तुम्हीच."

ती पोरगी भिंतीला टेकून उभी होती. माझ्याकडं वळली. "आजोबा, तुम्ही सांगा की. आजी तुमास्नी काय म्हणाल्या?"

मी फरशीकडं बघत राहिलो. मुलानं अर्ज लिहिला, खाली माझी सही घेतली. मोठ्या डॉक्टरला कोण हात लावणार? महिन्याभरात त्या पोरीला कामावरनं काढली. कचेरीत माझ्यासारख्यांच्या बाबतीत हेच व्हायचं, ते बघत मी म्हातारा झालो. आणि सही माझीच.

आता घरी कोण आलं की मुलगा त्यांना सांगतो, आईसाठी एवढ्या मोठ्या दवाखान्याला नमवलं. पावणं माना डोलावतात. मी तिथंच भिंतीकडेला बसलेला असतो.

"व्हय की न्हाय, आप्पा?" तो विचारतो.

"व्हय," मी म्हणतो.