लिथोग्राफला चंदनाचा हार

मी अकोल्याच्या त्या वाचनालयात पोचलो, तेव्हा लोक हॉलबाहेर चपला काढून आत जात होते. चित्रांच्या प्रदर्शनाला कोणी चपला काढत नाही. आतून अगरबत्तीचा वास येत होता. मी दारातून डोकावलो. समोरच्या भिंतीवर ओळीनं अकरा चेहरे टांगले होते आणि अकराही जणांना चंदनाचे हार घातलेले होते. खाली टेबलावर पांढरी चादर, समई आणि फुलांची परडी.

खरं तर ते चेहरे कोणाचेच नव्हते. फ्रान्समधल्या कलामासिकांतून काढलेली ती लिथोग्राफ होती. फ्रेमा मात्र माझ्या दुकानातल्या होत्या. हारही माझ्याच दुकानातले होते.

अमरावतीत आमचं फ्रेमचं दुकान आहे. वडिलांनी काढलं, पस्तीस वर्षं मी चालवतोय. आमच्या धंद्यात अर्धी गिऱ्हाइकं देव आणि अर्धी गेलेली माणसं. गेलेल्या माणसाचं काम कधी लांबवता येत नाही, तेरवीच्या आदल्या दिवशी फोटो घरी पोचलाच पाहिजे. त्याला चंदनाच्या पातळ सालपटांचा हार आम्ही दुकानातूनच लावून देतो, दोन बारीक खिळ्यांवर. लोकांची धावपळ वाचते.

या दुकानात गेल्या वर्षी रफीक सर आले. अकोल्याचे. शाळेत ड्रॉइंग शिकवून रिटायर झालेले, वय चौऱ्याहत्तर. काखेत एक चपटी पेटी. पेटीत तेहतीस चित्रं, प्रत्येकावर पातळ कागद. सरांनी आधी मला हात धुवायला लावले.

लिथोग्राफ म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. चित्रकार गुळगुळीत दगडावर तेलकट खडूनं चित्र काढतो. दगड ओला करून शाईचा रूळ फिरवला की शाई खडूच्या रेषेला धरते, ओल्या दगडाला धरत नाही. वर कागद दाबला की चित्र उमटतं. सरांचे आजोबा उर्दू छापखान्यात अशाच दगडावर उलटी अक्षरं दुरुस्त करायचे. त्यामुळे दगडाचं वेड घरातलंच. फ्रान्समधली काही कलामासिकं अंकाच्या पानांत फोटो छापण्याऐवजी असं दगडावरून काढलेलं खरं चित्रच घालायची. सरांनी चाळीस वर्षं असे जुने अंक मागवले. कधी पत्रं लिहून, कधी रद्दीवाल्यांकडून, आता मुलीच्या मदतीनं मोबाइलवरून.

"भाऊ, हे भिंगातून पाहा," सर म्हणाले. "साध्या छपाईत ठिपके दिसतात. इथं ठिपका दिसून राहिला काय?"

ठिपका नव्हता. खडूचा रवा दिसत होता.

"अन् ही मधातली घडी. अंकात दोन पानांवर चित्र होतं, म्हणून घडी. लोक म्हणतात, इस्त्री मारा. बिलकुल नाई मारायची! घडी आहे म्हणून तर ते अंकातलं आहे."

मग त्यांनी अटी सांगितल्या. गोंद लावायचा नाही, कागद कापायचा नाही. वरच्या कडेला मैद्याच्या खळीनं पातळ कागदाच्या दोन पट्ट्या, त्यावर चित्र लोंबतं ठेवायचं. एवढा नखरा मी लग्नात नवरदेवाच्या बापाचाही सहन केलेला नाही. पण माणूस आवडला, म्हणून हो म्हटलं.

खरा प्रश्न वेगळाच होता, तोही त्यांनी सांगितला. घर दोन खोल्यांचं. एका पावसाळ्यात उधईनं, म्हणजे वाळवीनं, चार अंक खाल्ले. मुलगी पुण्यात, तिच्या फ्लॅटला भिंतीच कमी. आपल्यामागं ही चित्रं रद्दीत जाणार, ही एकच धास्ती त्यांना होती. वाचनालयाचे चिटणीस वानखडेसाहेब त्यांचे जुने विद्यार्थी. वरचा हॉल तीन दिवस देतो म्हणाले. सभासदांना पसंत पडलं तर चित्रं कायमची तिथंच राहतील. नाही पडलं तर चौथ्या दिवशी तिथं बेडशीटचा सेल लागणार होता.

काम दोन महिने चाललं. चित्रं मी स्वतः बसवली. फ्रेमा ठोकायचं आणि पॅकिंगचं काम बाबारावांचं. बाबाराव आमचे कारागीर, माझ्या वडिलांच्या वेळचे. शेवटच्या दिवशी बायकोच्या भाचीचं वरूडला साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, निघाला. मी बाबारावांना म्हटलं, "सगळं गुंडाळून टेम्पोत भरून द्या. मी वरूडहून सरळ अकोल्याला पोचतो." एवढंच म्हटलं. हाराचा विषयही काढला नाही, कारण हाराचा विषय काढावा असं माझ्या डोक्यात यायचं काही कारणच नव्हतं.

मी हॉलच्या दारातूनच फोन लावला. "बाबाराव, हार कोणी लावले?"

"मीनं लावले जी."

"काहून?"

"भाऊ, काळे-पांढरे फोटो. एकटाच चेहरा. आपल्या दुकानात ह्याले हार लागतेच." मग आवाज खाली आणून म्हणाले, "अन् चेहरे पाह्यले नं तुमी? एकाचे दोनी डोळे एकाच बाजूले. एकाचं नाक गालावर. म्हनलं, बसचा अ‍ॅक्सिडेंट झाला असन. अकरा जन गेले बिचारे. मले लय वाईट वाटलं. हाराचे पैसे लावू नका त्याईले."

मी फोन ठेवला.

वाचनालयाच्या शिपायांनी सकाळी फ्रेमा टांगल्या. हार दिसले, तशी त्यांनी समई आणली. समई दिसली, तशा लोकांनी चपला काढल्या. यात कोणाचीच चूक काढता येत नाही. रफीक सर मात्र सकाळीच प्रमुख पाहुण्यांना आणायला गेले होते.

ते आले. पाहुणे एक माजी सभापती होते. त्यांनी दारात पायताण काढलं, परडीतली फुलं घेतली आणि पहिल्या चेहऱ्यासमोर वाहिली. सर मागे उभे. त्यांचा चेहरा त्या अकरांच्या ओळीतल्या बाराव्यासारखा झाला होता. मी पुढं सरकेपर्यंत पाहुण्यांनी माइक हातात घेतला.

"या सर्व दिवंगत मान्यवरांनी समाजासाठी जे कार्य केलं, ते आपण विसरू शकत नाही. आपण सर्वांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहू या."

शंभरेक माणसं उभी राहिली.

दोन मिनिटं फार मोठी असतात. बोलायचं नाही, मोबाइल काढायचा नाही. डोळे मिटले तर झोप येते. मग माणूस समोर जे आहे ते पाहतो. मी लोकांकडे पाहत होतो. पहिलं अर्धं मिनिट सगळे गंभीर. मग एकाच्या कपाळाला आठी पडली. एका बाईनं मान डावीकडं कलवली, मग उजवीकडं. माझ्या पुढचा शेतकरी माणूस तर पुढं वाकून पाहू लागला. स्तब्धता संपली आणि तो शेजाऱ्याला हळूच म्हणाला, "याचं नाक पाह्य बरं. बाजूनंबी दिसते अन् समोरूनबी दिसते."

"होय नं बे. एकाच वक्ती दोन्हीकडून पाह्यलं असन काढनाऱ्यानं."

सरांनी ते ऐकलं. त्यांचे डोळे भरून आले. मला वाटलं, आता माझी धडगत नाही. मी हात जोडून म्हटलं, "सर, चूक माझ्या दुकानाची. आत्ता काढतो सगळे हार."

"तीस साल मी वर्गात हेच शिकवून राहिलो होतो," सर म्हणाले. "एकाच वेळी दोन बाजू. एकाबी पोराले समजलं नाई. घरी कोणी आलं तर चित्रापुढं चार सेकंद थांबते अन् चहा मागते."

तरी हार काढायचेच, असं त्यांनी ठरवलं. खोटं चालणार नाही म्हणाले. मी पक्कड मागवली आणि स्टुलावर चढलो. तेवढ्यात वानखडेसाहेब आले आणि त्यांनी माझा पाय धरला. नमस्कारासाठी नाही, खाली ओढण्यासाठी.

"सर, थांबा जरा. मी इथं बारा वर्षांपासून चिटणीस आहो. या हॉलातून आमी नकाशे काढले, घड्याळ काढलं, बक्षिसाची कपाटं काढली. पण हार असलेला फोटो आजवर एकबी नाही निघाला. कोनाचा आहे हे कोनाले मालूम नसलं तरी नाही निघाला. काढतो म्हनायची कोनाची हिंमतच नाही. कार्यकारिणीत विषयच येत नाही."

"मतलब?" सरांनी विचारलं.

"मतलब हार काढले तर चौथ्या दिवशी बेडशीट. हार राहिले तर चित्रं राहतात."

सरांनी एका फ्रेमची कड बोटानं चाचपली. मग त्यांनी मला विचारलं, "खिळा कशात ठोकला? कागदात तर नाई?"

"फ्रेमच्या लाकडात. चित्राला धक्का नाही."

"अगरबत्तीचा धूर?"

"काच आहे, मागून सीलबंद आहे."

सरांनी चष्मा पुसला आणि ते बाकीच्या भिंतीकडं वळले. तिथं उरलेली बावीस चित्रं होती. रंगीत, म्हणून बाबारावांनी त्यांना सोडून दिलं होतं.

"मग याईले हार काहून नाई?"

"सर, त्यात एक मासा आहे. एक सुरई आहे. चार चित्रांत तर नुसत्या रेघा आहेत."

"असू द्या."

मात्र एक अट त्यांनी घातलीच. प्रत्येक फ्रेमखाली ठळक अक्षरांत खरं ते लिहायचं: लिथोग्राफ, फ्रेंच कलामासिकातून, व्यक्ती काल्पनिक. तशा पट्ट्या मी स्वतः लावल्या. दुसऱ्या दिवशी बाबाराव बावीस हार घेऊन अकोल्याला आले. माशापुढं थोडे अडखळले, पण लावला.

या गोष्टीला वर्ष होत आलं. तेहतीसही चित्रं तिथंच आहेत. हॉल दर सोमवारी झाडतात, काचा पुसतात. बेडशीटचा सेल खालच्या मजल्यावर गेला. पट्ट्या कोणी वाचत नाही, पण जाता-येता लोक हात जोडतात आणि हात जोडले की क्षणभर थांबतात. सर रोज दुपारी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून ते थांबणं मोजतात. परवा एक म्हातारी माशापुढं पूर्ण मिनिटभर उभी होती म्हणे.

पस्तीस वर्षं मला वाटायचं, फ्रेम चित्राला उधईपासून आणि धुळीपासून वाचवते. पण माणसांपासून वाचवायला हारच लागतो. आता चित्र घेऊन कोणी दुकानात आलं, की चेहरा कोणाचा हे मी विचारत नाही. भिंत कोणाची, एवढंच विचारतो; भिंत घरची नसेल, तर हार लावूनच देतो.