खिशातला बिल्ला आणि अठ्ठावीस दिवस

भुसावळ स्टेशनात उतरलो आणि माझी मान आपोआप वर गेली, डोंगर शोधायला. डोंगर नव्हता. उत्तरेला फार लांब सातपुड्याची निळी रेघ होती, बाकी चारी बाजूंना रूळ आणि आभाळ. एवढं आभाळ मी एका वेळी कधी पाहिलं नव्हतं. आपल्या वाडीत नारळाच्या शेंड्यावर चढलं तरी समोर कोणती तरी टेकडी असतेच. इथे जमिनीवर उभं राहूनच सगळं दिसत होतं. थोडी भीतीच वाटली.

मी गाय न्यायला आलो होतो. माझी मावसबहीण वसुधाताई इथे रेल्वे कॉलनीत राहायची. भावोजींची बदली झाली, नव्या ठिकाणी गाय ठेवायला जागा नाही, म्हणून तिने तिची चंद्री मला द्यायचं ठरवलं. चंद्री गीर जातीची. लाल अंग, वर पांढरे ठिपके आणि केळीच्या कोवळ्या पानाच्या सुरळीसारखे लांब कान. ताईने तिला वासरू असल्यापासून वाढवलेलं. निघताना तिने गाईच्या गळ्यात हात टाकले आणि मला म्हणाली, "हिला काही झालं तर मला फोन करू नकोस. मला ऐकवणार नाही." मग कुंकवाच्या डबीतून एक पिवळा प्लॅस्टिकचा बिल्ला काढून माझ्या हातात ठेवला. लस दिली तेव्हा डॉक्टरांनी तो गाईच्या कानात अडकवला होता. कान सुजला, चंद्री सारखी मान झटकायची, म्हणून ताईने तो कापून काढला आणि देवासारखा जपून ठेवला. मीही तो रुमालात गुंडाळून खिशात घातला.

ताईच्या ओळखीच्या अशोकभाऊंच्या पिकअप गाडीत चंद्रीला चढवलं. जळगाव गेलं, एरंडोल गेलं. दोन्ही बाजूंना काळी जमीन आणि तिच्यावर कपाशी, नजर थकेपर्यंत. एका ढाब्यावर शेवभाजी खाल्ली. लाल तर्री बघून मी पुढचामागचा विचार केला नाही. पहिल्याच घासाला उचकी लागली ती पारोळ्यापर्यंत थांबेना. अशोकभाऊ म्हणाले, "तुमच्याकडे माशाला तिखट लावता ना? मग?" मी काय बोलणार, उचक्या देत होतो.

पारोळा मागे पडला. धुळ्याची हद्द जवळ आली तसा रस्त्यावर एक बांबू आडवा दिसला आणि बाजूला ताडपत्रीचा मांडव. एक हवालदार आणि जनावरांच्या डॉक्टरमॅडम बसल्या होत्या. मॅडम गाडीजवळ आल्या, चंद्रीचे दोन्ही कान उलटून पाहिले.

"बिल्ला कुठाय हिचा?"

मी मोठ्या अभिमानाने रुमाल सोडला. "हा काय मॅडम. जपून आणलाय."

हवालदार हसायला लागले. "पाहुणे, तुमचं आधारकार्ड खिशात चालतं. गाईचं कानातच लागतं!"

मॅडम हसल्या नाहीत. हा नंबर ह्याच गाईचा, हे कशावरून मानू, असं त्यांनी विचारलं. मग त्यांनी समजावून सांगितलं. माश्यांनी पसरणारी, गुरांच्या अंगावर गाठी आणणारी लम्पीची साथ पुन्हा उठली होती. सकाळीच हुकूम निघाला होता. गुरांचे बाजार बंद, गुरं एका जागी जमवणं बंद, जिल्ह्याबाहेर नेणं बंद. लस घेऊन अठ्ठावीस दिवस झालेलं, कानात बिल्ला असलेलं आणि तपासून दाखला मिळालेलं जनावरच हलवता येईल. मागच्या रस्त्यावरच्या दोन गावांत आजारी गुरं सापडली होती, म्हणून चंद्रीला परत भुसावळलाही नेता येत नव्हतं.

"म्हणजे आता इथेच?"

"इथेच. आज पुन्हा लस, नवा बिल्ला, आणि आजपासून अठ्ठावीस दिवस."

मॅडमना ऐकू जाणार नाही असं अशोकभाऊंना विचारलं, आतून एखादा रस्ता नाही का? ते म्हणाले, "रस्ता आहे की. पण आपल्या गाडीत बसून माशीही जाईल ना. तिला कुठे उतरवणार?" मला लाज वाटली.

तेवढ्यात धोतर नेसलेले एक म्हातारे गृहस्थ किटली घेऊन आले. रस्त्यालगतच त्यांचा मळा, मांडवातल्या माणसांना रोज चहा आणायचे. सगळे त्यांना नाना म्हणत. नानांनी माझा चेहरा पाहिला, मग गाईचा पाहिला.

"गायनं नाव काय शे?"

"चंद्री."

"मग चाल. मना मळामा गोठा रिकामा शे." (माझ्या मळ्यात गोठा रिकामा आहे.)

मॅडम म्हणाल्या, "नाना, तुमच्या हरण्या बैलाचं काय?"

"तो गावमा. हाऊ गोठा लांब शे."

गोठा का रिकामा होता ते मला संध्याकाळी कळलं. मागच्या साथीत नानांचा दुसरा बैल मोत्या तिथेच गेला. हरण्या त्याचा जोडीदार, आता एकटा. मोत्याला पुरला त्या जागेवर अजून चुना दिसत होता. त्याच गोठ्यात हा माणूस अनोळखी, लशीचा भरवसा नसलेली गाय बांधून घेत होता. मी तसं म्हणालो तर नाना म्हणाले, "जागा रिकामी ठेवीसन काय करू?"

अशोकभाऊ गाडी घेऊन परतले. मी राहिलो.

सकाळी नाना येईपर्यंत मी शेण काढून घ्यायचो. मग कडुनिंबावर चढून पाला पाडायचो, त्याचा धूर गोठ्यात फिरवायचा, माशा हटतात. मी हातापायांनी सरसर वर जातो हे बघायला बायका बांधावर थांबायच्या. नानांची बायको, सगळ्यांची अक्का, मला 'माकड' म्हणू लागली. दुपारी तिच्याकडून कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाची) आणि वांग्याचं भरीत यायचं. हुकमाचा कागद ग्रामपंचायतीच्या भिंतीवर चिकटवला होता. तो मी रोज वाचायचो. सातवीत शाळा सुटल्यापासून एवढा मजकूर मी वाचला नव्हता. पहिल्या दिवशी निम्मे शब्द कळले नाहीत. दहाव्या दिवशी कुणी विचारलं तर मी सांगू शकत होतो. माशी तिळाएवढी. तिच्यासाठी अख्ख्या जिल्ह्यातले खूर जागच्या जागी थांबले होते. सडकेवर गाड्या होत्या, पण एक बैल दिसत नव्हता. हे मला सातपुड्याहून मोठं वाटलं.

पोळ्याच्या आदल्या सकाळी चंद्रीच्या मानेवर माझ्या बोटांना गाठ लागली. बोराएवढी.

मी हात मागे घेतला, पुन्हा लावला. गाठच होती. आज खांदेमळणी होती. बैलाच्या जू ओढणाऱ्या खांद्यांना तूप-हळद चोळायची, म्हणजे वर्षभराची माफी मागायची. एवढा एक दिवस गप्प बसावं असं मनात आलं. पण नाना थोड्या वेळाने चंद्रीला थोपटणार आणि त्याच हातांनी हरण्याला तूप चोळणार होते. मी बांधावरून पळत सुटलो. नाना वाटेतच भेटले.

"नाना, गाठ आली. मानेवर."

ते म्हणाले, "चाल, मॅडमले सांगाले पाहिजे."

मॅडमनी ताप मोजला, गाठ दाबून पाहिली. "ताप नाही. गोचिडाची गाठ वाटते. पण वाटण्यावर चालत नाही. तीन दिवस बघू. आणि ज्यांनी ह्या गाईला हात लावलाय त्यांनी तोवर बैलाला हात लावायचा नाही. नाना, तुम्ही काल हिला पाणी पाजलंत ना?"

नाना हो म्हणाले. म्हणजे यंदा हरण्याची खांदेमळणी त्यांच्या हातून होणार नव्हती. माझं डोकं वर होईना.

दुपारी आम्ही दोघे त्यांच्या घरासमोर गल्लीच्या पलीकडे उभे राहिलो. आणि अक्का तुपाची वाटी घेऊन हरण्याजवळ गेली. त्यांच्या घरात खांदेमळणी बाईने कधी केली नव्हती. पदर खोचून ती चोळू लागली.

नाना इकडून ओरडले, "जरा वरते! आनखी तूप लाव!"

"इतला वरीस तुम्हना खांदा दाबी ऱ्हायनी," अक्का वळून न बघता म्हणाली, "याना दाबाले काय जड शे?" (इतकी वर्षं तुमचे खांदे दाबतेय, ह्याचे दाबायला काय अवघड?)

गल्ली हसली. नानाही हसले आणि धोतराच्या सोग्याने डोळे पुसले. हरण्या मान खाली घालून शांत उभा होता.

दुसऱ्या दिवशी पोळा. एरवी वेशीला आंब्याच्या पानांचं लांब तोरण बांधतात, त्याखालून गावातले बैल जातात. यंदा जमवायचं नाही. मी गृहीत धरलं होतं, तोरण होणारच नाही. पण गावाने नेहमीएवढंच लांब तोरण ओवलं, मारुतीपुढे ठेवलं, आणि मग विळ्याने त्याचे तुकडे केले. जितके गोठे तितके. एक-एक माणूस आपला तुकडा घेऊन गेला आणि आपल्याच दाराला बांधला. प्रत्येक बैल आपापल्या उंबऱ्यात, पण सगळ्या गावाच्या एका तोरणाखालून बाहेर आला आणि आत गेला. वाजंत्री नाही, गर्दी नाही. मी आयुष्यात पाहिलेला सगळ्यात मोठा सण तो होता. मळ्याच्या बांधावर कुणीतरी एक तुकडा ठेवून गेलं होतं, खापरावरच्या मांड्यांसोबत (पुरणाच्या मोठ्या पोळ्या). "तो चंद्रीना," नाना म्हणाले. पोळा बैलांचा, गाईला तोरण कसं, असं मी विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी गाठ विरली. गोचिडाचीच होती. मॅडमनी नानांना नुसतं "जा" म्हटलं, आणि म्हातारा माणूस मळ्यातून गावाकडे अक्षरशः धावला.

अठ्ठावीस दिवस भरले. दाखला मिळाला, अशोकभाऊ गाडी घेऊन आले. निघताना अक्काने भाकऱ्या बांधून दिल्या. मी पाया पडायला वाकलो तर म्हणाली, "ऊठ रे माकड, गाय उनमा शे." मांडवात त्याच हवालदारांनी चंद्रीचा कान उलटला, पिवळा बिल्ला वाचला आणि माझ्या खिशाकडे बोट करून डोळे मिचकावले. बांबू वर गेला.

घरी आलो. सुकलेलं तोरण गोठ्याच्या आढ्याला बांधलं. वाडी गाय बघायला लोटली. गर्दी ओसरल्यावर माझी बायको चंद्रीजवळ गेली, तिचा लांब कान मायेने हातात घेतला आणि म्हणाली, "अगो बाई, किती टोचत असेल बिचारीला." आणि कात्री आणायला घरात वळली.

मी तिचा हात धरला, पडवीत बसवलं आणि पारोळ्याच्या पुढच्या मांडवापासून सगळं सांगायला सुरुवात केली. अक्काच्या तुपाच्या वाटीपर्यंत आलो तेव्हा तिने स्वतःच कात्री नेऊन फळीवर ठेवली.